नाकाची सूज, नाकाखालची गाठ आणि साडेतीन महिन्यांवर आलेलं लग्न

पत्र

प्रिय डॉक्टरताई,

मी २७ वर्षांची आहे, नाशिकला राहते. पाच महिन्यांपूर्वी नाकाचं कॉस्मेटिक ऑपरेशन करून घेतलं. नाकाच्या दांडीवर उंचवटा होता आणि शेंडा जाड होता. प्लास्टर निघालं तेव्हा सगळ्यांनी छान म्हटलं. पण आता शेंड्याच्या जरा वरचा भाग फुगलेला दिसतो. सकाळी जास्तच. बाजूने फोटो काढला तर पोपटाच्या चोचीसारखा बाक येतो. शेंडा अजून बधिर आहे. नाकावर बारीक लाल रेषा दिसतात, पुटकुळ्याही येतात. दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर, टाके होते तिथे, एक बारीक गाठ आहे. दाबली की पांढरट पाणी येतं, असं दोनदा झालं.

मैत्रीण म्हणते स्टेरॉइडचं इंजेक्शन घे, सूज उतरेल. पार्लरमधल्या ताई म्हणतात फिलर भरून नाक सरळ करून देते. आई म्हणते कोमट तेलाने चोळ. सर्जन फोनवर ‘वाट बघा’ एवढंच सांगतात. साडेतीन महिन्यांनी माझं लग्न आहे. त्याआधी पुन्हा ऑपरेशन करून घेऊ का? आणि नथ घालता येईल का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

तू माझ्याहून बरीच लहान आहेस, म्हणून एकेरीच लिहिते.

आधी त्या गाठीबद्दल. पत्रात तू तिला दोन-तीन वाक्यांत आटोपलंस, पण तातडी आहे ती तिचीच. बाकी सगळ्याला वेळ आहे. गाठीतून पाणी येतंय हे फोनवर सांगून भागणार नाही. या आठवड्यातच सर्जनना प्रत्यक्ष दाखव. आणि आजपासून ती दाबू नकोस.

तुझे टाके त्या खांबावर होते, म्हणजे ऑपरेशन उघड्या पद्धतीने झालं. त्यात खांबावर आडवा छेद घेतात, शेंड्याची आणि दांडीची कातडी वर उचलतात, खालच्या कूर्चेला (म्हणजे मऊ, लवचिक हाडाला) आकार देतात आणि कातडी परत खाली बसवून शिवतात. वरचे टाके आठवड्याभरात काढले जातात. आतल्या टाक्यांपैकी काही महिन्यांनी विरघळतात, तर कूर्चा बांधून ठेवणारे काही कधीच विरघळत नाहीत. अशा एखाद्या टाक्याची गाठ कातडीच्या फार जवळ राहिली की शरीर तिला बाहेर ढकलू लागतं. मग तिथे बारीक फोड येतो, फुटतो, बरा झाल्यासारखा वाटतो आणि पुन्हा येतो. तुझं वर्णन याच्याशी जुळतं. तसं असेल तर काम सोपं आहे. जागा बधिर करून बारीक चिमट्याने तो धागा काढायचा. पाच-दहा मिनिटांत होतं आणि जखम लवकर भरते.

पण टाकाच आहे असं मी इथे बसून सांगणार नाही, कारण दुसऱ्या दोन शक्यता आहेत. एक म्हणजे खांबात किंवा शेंड्यात आधारासाठी काहीतरी बसवलेलं असणं. ती तुझीच कूर्चा असेल तर काळजी कमी. सिलिकॉनसारखी बाहेरची वस्तू असेल तर जंतू तिच्यावर थर करून राहतात आणि औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी बहुधा ती वस्तूच काढावी लागते, आणि जितका उशीर होईल तितकी वरची कातडी पातळ होत जाते. दुसरी शक्यता क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या, पण क्षय न करणाऱ्या जंतूंची. हे जंतू पाण्यात, मातीत असतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोकं वर काढतात. ताप नसतो, फारसं दुखतही नाही, नुसती गाठ येते आणि झिरपत राहते. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत आणि साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) सापडतीलच असंही नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांग: ‘पाणी दोनदा आलंय, पाच महिने झालेत, नमुना तपासणीला पाठवताना या जंतूंचीही तपासणी करायला सांगा.’ मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नकोस. त्यांनी गाठ थोडी दबेल आणि नमुन्यात काहीच सापडणार नाही.

दाबू नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तकोशाशी जोडलेल्या असतात. पू दाबून आत ढकलला गेला तर क्वचित, पण खरोखर, संसर्ग तिथवर जातो. ताप, थंडी, पापणी सुजणं, डोकं फार दुखणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

आता त्या सुजेकडे येऊ. तुला खरी झोप लागू देत नाही ती तीच, हे पत्रावरून कळतं.

उशी लहान केली म्हणून अभ्रा आपोआप लहान होत नाही. सर्जननी हाड आणि कूर्चा कमी केली, पण वरची कातडी तेवढीच राहिली. ती हळूहळू आकसून नव्या आकारावर बसावी लागते. नाकाची कातडी सगळीकडे सारखी नसते. दांडीच्या मधोमध, जिथे चष्मा घसरून थांबतो त्याच्या जरा खाली, ती सगळ्यात पातळ असते. शेंड्यावर आणि शेंड्याच्या लगेच वर ती जाड आणि तेलग्रंथींनी भरलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच नाकांमध्ये हा जाडपणा जास्त असतो, आणि शेंडा मुळात जाड होता असं तूच लिहिलं आहेस. शिवाय ऑपरेशनमध्ये बारीक शिरा आणि साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या कापल्या जातात, त्यामुळे तिथलं पाणी नीट वाहून जात नाही. रात्रभर आडवं झोपलं की ते साचतं आणि दिवसभर उभं राहिलं की उतरतं. सकाळी सूज जास्त आणि संध्याकाळी कमी असेल तर तिच्यात पाण्याचा भाग बराच आहे, म्हणजे ती अजून हलती आहे. ही चांगली खूण आहे. पातळ कातडीच्या नाकाला स्थिरावायला साधारण वर्ष लागतं. जाड कातडीच्या शेंड्याला दीड-दोन वर्षंही लागतात. बधिरपणाचंही तसंच. शेंड्याची जाणीव देणारी बारीक नस दांडीवरून खाली येते, ती ताणली किंवा कापली जाते, आणि जाणीव परतायला काही महिने जातात. मधेच मुंग्या आल्या, टोचल्यासारखं झालं तर घाबरू नकोस.

तरीही ‘वाट बघा’ एवढ्या उत्तरावर तू समाधान मानू नयेस. वाट बघायची ती तपासून झाल्यावर. चोचीसारखा बाक तीन कारणांनी येतो आणि तिन्हींचं पुढचं वेगळं असतं. अनुभवी सर्जन तुझ्या शेंड्याच्या वर बोट ठेवून सावकाश दाबतो, दहा-पंधरा सेकंद तसंच धरतो आणि मग काढतो. खाली बारीक खळगा राहिला आणि भाग मऊ लागला तर ती सूज. खळगा नाही, पण घट्ट, जराशी रबरी गादी लागली तर कातडी आणि कूर्चेमधल्या पोकळीत रक्त साठून त्याचं व्रण-ऊतक, म्हणजे जखम भरताना बनणारा घट्ट थर, झालं आहे. बोटाला कडक कडा लागली तर कूर्चाच जास्त राहिली आहे, किंवा शेंड्याचा आधार खचल्याने वरचा भाग उंच दिसतो आहे. पहिल्याला वेळ आणि टेप पुरते. दुसऱ्याला कधी इंजेक्शन लागतं. तिसऱ्याला कुठलंच इंजेक्शन उपयोगाचं नाही. ही बोटाची तपासणी फोनवर होत नाही, म्हणूनच भेटायला जा म्हणते आहे.

टेपबद्दल सर्जनना विचार. कागदी सर्जिकल टेपची पट्टी रात्री झोपताना शेंड्याच्या वर आडवी लावायची, सकाळी काढायची. कातडी खाली चिकटून राहायला आणि पाणी कमी साचायला तिची मदत होते. किती आठवडे आणि कुठे, हे सर्जननी स्वतः लावून दाखवायला हवं. टेपने पुरळ किंवा खाज आली तर ती गोंदाची अ‍ॅलर्जी आहे, टेप बदलायची. तशीच रेटत राहिलीस तर तिथे काळा डाग उरेल, आणि आपल्या वर्णाच्या कातडीवर तो महिनोन्‌महिने जात नाही.

मैत्रिणीचा सल्ला अगदी बिनबुडाचा नाही. ट्रायअ‍ॅमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड शेंड्याच्या वरच्या घट्ट भागात देतात, आणि योग्य हातात त्याचा उपयोग होतो. पण त्याची मात्रा अगदी थेंबभर असते. सुई कातडीत नव्हे, तिच्या खाली खोलवर, त्या व्रणाच्या गादीत जायला हवी. एक दिल्यावर किमान महिनाभर थांबून परिणाम बघायचा असतो आणि मग पुढचं ठरवायचं असतं. औषध वरच्या थरात राहिलं किंवा जास्त झालं तर कातडी पातळ होते, खड्डा पडतो, पांढरा डाग येतो, लाल शिरा वर दिसू लागतात. खड्डा भरून काढणं सुजेपेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि आत्ता तर हे इंजेक्शन नकोच, कारण त्या गाठीत संसर्ग असेल तर जवळ स्टेरॉइड टोचणं म्हणजे जंतूंना रान मोकळं करून देणं. आधी गाठीचा निकाल लागू दे.

फिलरला मात्र माझा ठाम नकार आहे, आणि पार्लरमध्ये तर कुठल्याच नाकाला नको. कारण समजून घे. दांडीवरची एक रक्तवाहिनी डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेली असते. फिलरचा कण चुकून तिच्यात गेला आणि दाबाने मागे ढकलला गेला तर त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. काही मिनिटांत जाते आणि बहुतेक वेळा परत येत नाही. पुढे ढकलला गेला तर कातडीचा तुकडा मरतो. ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका वाढतो, कारण वाहिन्यांचे रस्ते बदललेले असतात, व्रणामुळे त्या जागी बांधल्या गेलेल्या असतात, आणि तुझ्या खांबातली वाहिनी छेदातच कापली गेली आहे. तुझा शेंडा आता मुख्यतः दोन्ही बाजूंनी नाकपुड्यांच्या वरून येणाऱ्या वाहिन्यांवर जगतो आहे. तिथे काही अडलं तर दुसरा रस्ता उरत नाही.

कातडी जगते ती रक्तावर, हे पुण्यातल्या एका कुंभाराला युरोपातल्या सर्जनांच्या आधीपासून हातानेच ठाऊक होतं. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. त्या कुंभाराने ते कपाळाच्या कातडीने नवं करून दिलं. कपाळावरची कातडी सोडवून खाली वळवली, पण भुवयांमधली बारीक पट्टी तोडली नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळत होतं. सुमारे २५ दिवसांनी नाक जागी रुजल्यावर ती कापली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये याची हकिकत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तेच ऑपरेशन केलं. ते २५ दिवस थांबणं मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. त्या माणसाकडे ना सूक्ष्मदर्शक होतं ना अँटिबायोटिक, पण कातडीला घाई चालत नाही हे तो जाणून होता.

कातडी मरण्याचा मोठा धोका पहिल्या काही दिवसांत असतो. तो टप्पा तू सुखरूप ओलांडला आहेस. सिगारेट ओढणारे, साखर ताब्यात नसलेले, आधीच एक-दोन ऑपरेशनं झालेले, किंवा शेंडा बारीक दिसावा म्हणून आतली चरबी फार खरवडलेले पेशंट यात जास्त अडकतात. हे तुझ्यासाठी नाही, पण ऑपरेशनच्या तयारीत असलेली एखादी मुलगी हे वाचत असेल म्हणून लिहिते. प्लास्टरखाली दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, शेंडा पांढराफटक किंवा निळसर-काळा दिसला, फोड आले, बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, तर त्याच तासाला सर्जनना गाठायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

लाल रेषा आणि पुटकुळ्यांबद्दल थोडक्यात. कातडी उचलल्यावर केशिका, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, रुंदावतात, आणि आधीपासून असतील तर जास्त उठून दिसतात. बऱ्याचशा फिकट होतात. वर्षभराने उरल्या तर लेसरने जातात. आत्ता लेसर नको. पुटकुळ्या प्लास्टर आणि टेपखाली तेलग्रंथी तुंबल्याने येतात, त्यांना सौम्य फेसवॉश आणि त्वचारोगतज्ज्ञाने दिलेलं मलम पुरतं. बाहेर पडताना सनस्क्रीन रोज, नाशिकच्या हिवाळ्यातही. मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या गोऱ्या करणाऱ्या ट्यूबा घरात असतील तर फेकून दे, त्यांतल्या कितीतरींमध्ये स्टेरॉइड असतं आणि त्यानेच शिरा लाल होतात. आणि एक खास तुझ्यासाठी: जाड, तेलकट कातडीसाठी कुणी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या तर लग्नाची तारीख डॉक्टरांना आधी सांग. त्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं. त्या चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत.

आईच्या तेलाचं काय? आईला समजावून सांग की चोळल्याने कातडी खालच्या कूर्चेवरून सरकते, आणि आपल्याला तर ती तिथे चिकटायला हवी आहे. काही सर्जन विशिष्ट जागी बोटाने दाब द्यायला शिकवतात, ते वेगळं. गाठ झिरपते आहे तोवर तिथे तेल, हळद, तूप, काही नको. त्यापेक्षा आईला रात्री दोन उशा देऊन तुझं डोकं उंच ठेवायला सांग, आणि लोणचं-पापड जरा कमी वाढायला. मिठाने पाणी साचतं, हे तिलाही पटेल.

लग्नाआधी पुन्हा ऑपरेशन अजिबात नको. व्रण कच्चा असताना आत गेलं की रक्त जास्त जातं, थर ओळखू येत नाहीत, आणि जी सूज आपोआप गेली असती तिच्या हिशेबाने कूर्चा कापली जाते. मग दोन वर्षांनी नाक खचलेलं दिसतं. दुरुस्तीचा विचार निदान एक वर्षानंतर, तुझ्या कातडीला त्याहूनही उशिरा. जो सर्जन पाचव्या महिन्यात ‘करून टाकू’ म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नकोस.

लग्नात तू साडेआठ महिन्यांची पेशंट असशील. गाठ पूर्ण बरी झाली असेल आणि नाकपुडीच्या कडेला छेद घेतलेला नसेल, तर सर्जनना विचारून नथ घालायला हरकत नसावी. आधीच टोचलेलं भोक असेल तर उत्तम. नवं टोचून घेऊ नकोस. दाबाची नथ घालणार असशील तर हलकी घे, वजन केसांत अडकवलेल्या दोऱ्याने किंवा साखळीने उचलून धर, आणि विधी झाले, फोटो झाले की उतरव. तुझं नाक बधिर आहे, त्यामुळे दाब बसतोय हे तुला कळणार नाही. करवलीला सांगून ठेव की अर्ध्या-पाऊण तासाने तिने नथ सैल करून खालची कातडी पांढरी तर पडली नाही ना हे बघायचं. हळदीच्या दिवशी बायका उत्साहात चेहरा रगडतात, तिथे नाक सोडून लावायला सांग. ब्लीच आणि फेशियलही नाक सोडून.

आरशाबद्दल एक विचारते. दिवसातून किती वेळा तू नाक बघतेस, किती वेळा बाजूने फोटो काढतेस? रोज बघून सूज उतरल्याचं कधीच दिसत नाही, आणि नाकाच्या काळजीने लग्नाची खरेदी, मित्रमैत्रिणी, जेवण सगळं बेचव होत असेल तर तेही दुखणंच आहे, त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलता येतं. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढ. बाकीचे काढू नकोस. हे फोटो सर्जनच्याही कामाचे आहेत.

सर्जनकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचे फोटो आणि त्या वेळी चालू असलेल्या औषधांची यादी ने. ऑपरेशनच्या नोट्सची प्रत लेखी अर्ज देऊन माग, पोच घे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात, आणि यात कुणी राग मानायचं कारण नाही. त्या नोट्समध्ये तीन गोष्टी शोध: नाकात काय बसवलं, ते कुठून घेतलं, आणि आत कुठले टाके घातले. प्रश्न विचारताना संकोच करू नकोस. बहुतेक सर्जनना पेशंट समोर येऊन बसला की फोनपेक्षा खूप जास्त सांगता येतं. तरीही त्यांनी गाठ न बघताच ‘होईल बरं’ म्हटलं, तर तेच कागद घेऊन दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडे किंवा नाकाची ही ऑपरेशनं नियमित करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघता येते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग असतो, तिथलं दुसरं मत खिशालाही परवडतं.

सोमवारी फोन करून अपॉइंटमेंट घे. फोनवर रिसेप्शनला ‘सूज आहे’ असं सांगू नकोस, ‘टाक्याच्या जागेतून दोनदा पाणी आलं आहे’ असं सांग. म्हणजे तारीख लवकरची मिळेल.